जत्रेतली पाच पायांची गाय: एका प्रकरणाचा अभ्यास

देवगड आणि मालवण यांच्या मधल्या पट्ट्यात, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात माघ महिन्यात ग्रामदेवतेची जत्रा भरते. पहिल्या रात्री पालखी, त्यानंतर दशावतारी नाटक आणि दोन्ही दिवस खाजे, लाडू, भांडी, खेळणी यांची दुकाने, अशी तिची ठरलेली रीत आहे. दुकानांची रांग संपून वाट माडांच्या बागेत शिरते त्या कोपऱ्यावर ओळीने तीन वर्षे एक पाच पायांची गाय उभी केली जात होती. तिसऱ्या वर्षी तिच्याविषयी तक्रार झाली आणि गावाला एका रात्रीत निर्णय घ्यावा लागला. त्या निर्णयात माझा सहभाग होता. मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी असून जत्रेच्या दिवसांत देवस्थानच्या स्थानिक उपसमितीला मदत करतो. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवतो. आदल्या वर्षी हीच गाय मी पाहिली होती, सोबत नातवंडे होती, आणि मी ताटात वीस रुपये टाकून, हात जोडून पुढे गेलो होतो. पस्तीस वर्षे गुरे तपासलेल्या माणसाला त्या झुलीखाली काय असेल हे विचारावेसे वाटले नाही. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते वरून खाली पाहणाऱ्या माणसाचे लिखाण म्हणून वाचू नये.

तक्रार कोणी केली

तक्रार एखाद्या प्राणिमित्र संस्थेकडून किंवा शिकल्यासवरल्या चाकरमान्याकडून आली नाही. ती समोर खाजे विकणाऱ्या बाईने केली. तिचे दुकान गायीपासून दहा-बारा पावलांवर होते आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिच्या नजरेसमोर दुसरे काही नव्हते. दुपारी चारच्या सुमारास तिने मला हाक मारून सांगितले, "डॉक्टरानू, सकाळपासना ती गाय एकदाय बसूक नाय. बसाक गेली की तो दोरी ओढता."

या एका वाक्यात जेवढी माहिती होती तेवढी माझ्या पुढच्या तपासणीतही क्वचितच मिळाली. गाय दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारण दहा ते बारा तास बसून काढते, आणि तिचे बरेचसे रवंथ बसूनच होते. सकाळी सातपासून चारपर्यंत, म्हणजे नऊ तास, जनावर सलग उभे असेल तर त्याला बसण्याची इच्छा नाही असे होत नाही. त्याला बसू दिले जात नाही. कारणही समोरच होते. गाय बसली की पाचवा पाय लोकांच्या नजरेखाली जातो, मागच्या रांगेला दिसेनासा होतो आणि ताटात पैसे पडायचे थांबतात. म्हणून दावे खांबाला इतके आखूड बांधले होते की गुडघे टेकवले तर मान वर ताणली जावी.

झुलीखाली

गाय घाटावरची, उंच, भरल्या अंगाची होती. आमच्याकडच्या कोकण कपिला गुरांच्या शेजारी ती हत्तीसारखी वाटली असती. अंगावर आरसे आणि कवड्या लावलेली लाल झूल, शिंगांना पितळी टोपणे, कपाळावर बाशिंग. झुलीला डाव्या खांद्यावर गोल छिद्र कापून तिथून पाचवा पाय बाहेर काढलेला होता. वशिंडाच्या किंचित खाली, फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या हाडाच्या, वरच्या कडेवरून तो सुमारे फूटभर खाली लोंबत होता. मागच्या बाजूला पडदा लावून "जवळून दर्शन" घेण्याची सोय होती आणि त्यासाठी दहा रुपये घेतले जात. आत गेलेला माणूस पायाला हळद-कुंकू लावी, डोके टेकवी, आणि दर तिसरा-चौथा माणूस तो पाय हलक्या हाताने ओढून पाहत असे.

हे ओढून पाहणे मला पुढे सगळ्यात जास्त खटकले. वाईट हेतूने कोणी ओढत नव्हते. जनावर लहान असताना त्याच्या अंगावर दुसऱ्याचा पाय शिवतात अशा गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, त्यामुळे पाय खरा की खोटा हे तपासणे माणसाला शहाणपणाचे वाटते. म्हणजे भाविकही शहाणा, संशयीही शहाणा, आणि प्रत्येकाच्या शहाणपणाचा हिसका त्या एकाच जागी बसतो. त्या दिवशी पडद्याआड तीनशे माणसे गेली असतील तर पाऊणशे हिसके झाले असे धरायला हरकत नाही.

गायवाल्याने झूल काढायला आधी नकार दिला आणि मी समितीचा माणूस असल्याचे कळल्यावर होकार दिला. पाय शिवलेला नव्हता. शिवणीची रेघ नव्हती, केसांचे वळण अखंड होते, आत हाड लागत होते आणि ते फऱ्याच्या हाडाला सांध्याने जोडलेले नसून नुसत्या चिवट पेशीजालाने धरलेले होते. गर्भ वाढत असताना अवयव घडण्याच्या टप्प्यावर गडबड झाली, किंवा जुळ्यातला एक गर्भ दुसऱ्यात अर्धवट विरून गेला, तर असे जादा अवयव येतात. अशा पायात उपयोगाचे स्नायू नसतात, गाय तो हलवू शकत नाही. त्वचेत मात्र संवेदना असू शकते, आणि इथे ती होती, कारण मुळाशी बोट लावताच गायीने कातडी थरथरवली.

पायाच्या मुळाशी, जिथे त्याची कातडी खांद्याच्या कातडीवर सतत घासत होती, तिथे तळहाताएवढी ओली जखम होती. तिच्यावर हळद इतकी दाट चोपडली होती की लांबून ती पूजेची वाटावी. पुसल्यावर पू दिसला, आणि घडीच्या आत दोन-तीन अळ्या. दुसरी गोष्ट खुराची. जमिनीला टेकणारा खूर चालता चालता झिजतो. हा कधीच टेकलेला नव्हता, त्यामुळे तो वाढून आत वळला होता, आणि त्याचे टोक खांद्याच्या बरगडीकडच्या बाजूला रुतून तिथे दुसरी, लहान पण खोल जखम झाली होती. खूर कापायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. गायवाल्याकडे बाकीच्या चार पायांसाठी खूर कापण्याचा चिमटा होता आणि ते चारही खूर व्यवस्थित कापलेले होते.

मी विचारले, मग हाच का नाही कापला? तो म्हणाला, "साहेब, तो वळलेला शंखासारखा दिसतो. बायका त्यालाच हात लावतात."

माझ्या मते या प्रकरणाचे सगळे मर्म या उत्तरात आहे.

गायवाल्याची बाजू

तो माणूस चाळिशीतला, तीन पिढ्या गुरे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातला. बायको आणि दोन मुले टेम्पोतच राहत होती; त्या "छोट्या हत्ती"त पुढे गाय, मागे संसार. त्याला क्रूर म्हणणे मला जमले नाही आणि आजही जमत नाही. गायीच्या फासळ्या दिसत नव्हत्या. तिला दोन वेळ पेंड मिळत होती, आणि त्या संध्याकाळी त्याच्या मुलांनी काय खाल्ले हे पाहिल्यावर कोणाचा आहार चांगला होता हे सांगणे अवघड होते.

त्याचे म्हणणे असे होते. ही कालवड त्याने एका शेतकऱ्याकडून जन्मल्यावर आठवडाभरातच चार हजारांना घेतली. शेतकऱ्याला ती अपशकुनी वाटत होती. "मी घेतली नसती तर उकिरड्यावर मेली असती." हे खोटे नाही. 2015 पासून राज्यात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि नको असलेल्या जनावराचे काय करायचे हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारातच उभा राहिला आहे. व्यंग असलेल्या वासराला दाम देऊन नेणारा माणूस आला तर शेतकऱ्याला ती सुटका वाटते. तेव्हा गायवाल्याने तिचा जीव वाचवला हे मान्य करावे लागते.

मात्र जीव वाचवल्याने त्या जिवावर कसलाही हक्क मिळतो असे होत नाही. त्याला मी हेच दुसऱ्या शब्दांत सांगितले, तेव्हा तो म्हणाला की औताच्या बैलाकडून काम घेता, तसेच हे काम आहे. हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे आणि समितीतल्या दोघांना तो पटलाही. मला त्यातला फरक सांगायला थोडा वेळ लागला. औताचा बैल लंगडला तर शेतकऱ्याचे नुकसान होते. म्हणून बैलाचे बरे असणे आणि धन्याचे बरे असणे, निदान बैल कामाचा आहे तोवर, एकाच बाजूला असतात. शेतकरी प्रेमळ नसला तरी हिशेब त्याला बैलाचा पाय जपायला लावतो. पाच पायांच्या गायीच्या बाबतीत हिशेब उलटा फिरतो. पाय काढला तर धंदा बसतो, खूर कापला तर शंख जातो, गाय बसली तर ताट रिकामे राहते, जखमेवर औषध लावले तर हळदीची शोभा जाते. तिला आराम देणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या खिशातून जाते. अशा रचनेत चांगला माणूससुद्धा जनावराच्या दुखण्याचा राखणदार होऊन बसतो, आणि हा माणूस वाईट नव्हता म्हणूनच ते इतके स्पष्ट दिसले.

तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. गाय गाभण होती, सातव्या महिन्यात. त्याने ती मुद्दाम फळवून घेतली होती, दुधासाठी नव्हे, तर "पाच पायांचं वासरू पडेल" या आशेने. बहुतेक वेळा असे व्यंग वारशाने उतरत नाही. अँगस जातीच्या गुरांत जादा पाय येण्यामागे जनुकातला दोष सापडला आहे, पण आपल्याकडच्या एखाद्या सुट्या जनावरावरून तसे काही सांगता येत नाही. प्रश्न वासरू कसे निघेल हा नव्हताच. व्यंगाला किंमत आली की ते जपले जाते, आणि जपण्यापासून पैदाशीपर्यंतचे अंतर फार नसते. शहरांतले लोक याबाबतीत गायवाल्यापेक्षा वेगळे नाहीत. चपट्या नाकाचा पग कुत्रा आयुष्यभर घोरतो, उन्हाळ्यात त्याला दम लागतो, आणि ते नाक माणसांनी निवडून पैदा केलेले आहे. दुमडल्या कानांची स्कॉटिश फोल्ड मांजर गोड दिसते, पण कान दुमडणारा दोषच तिच्या सांध्यांच्या कूर्चेत असतो आणि ती सांधेदुखीने ग्रासते. पडद्याआड दहा रुपये देणाऱ्या म्हातारीला हसण्याआधी हे आठवलेले बरे.

कायद्याच्या पुस्तकात ही गाय कुठे बसते

रात्री समितीची बैठक बसली तेव्हा पहिला सूर "पोलिसांना बोलवा" असाच होता. त्यामुळे कायद्यात काय आहे ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करण्याबाबतचा 1960 चा अधिनियम या प्रकरणाला लागू होतो यात शंका नाही. त्याच्या कलम 3 नुसार जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत अशी काळजी घेतली पाहिजे. कलम 11 मध्ये जनावराला अवाजवी आखूड दोरीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. खाजेवालीने पाहिले ते नेमके हेच. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. 1960 साली पन्नास रुपयांना काही वजन असेल, आज ते पडद्याआडच्या पाच दर्शनांचे उत्पन्न आहे. शिवाय दोरीचा गुन्हा दखलपात्र नाही.

याच अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणात खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. तिथे "प्रदर्शन" म्हणजे तिकीट विकून लोकांना प्रवेश दिला जातो अशा करमणुकीतले प्रदर्शन. उघड्यावर ताट ठेवून उभी केलेली गाय या व्याख्येतून निसटते. पडद्याआड दहा रुपये घेऊन दाखवलेली गाय बहुधा त्यात येते, पण गायवाला त्याला तिकीट म्हणत नव्हता, दक्षिणा म्हणत होता, आणि ती गाय खेळ तरी कोणता करत होती? ती फक्त उभी होती. प्राण्याला शिकवून उड्या मारायला लावणे हे कायद्याच्या डोळ्यासमोर होते; नुसते असणेच विकले जाईल ही कल्पना त्या व्याख्येत नीट उतरलेली दिसत नाही.

गंमत अशी की या गायीचे वर्णन अगदी अचूकपणे करणारा कायदा प्राण्यांविषयीचा नाहीच. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, 1959 मध्ये भीक मागण्याच्या व्याख्येत असे म्हटले आहे की माणसाची किंवा प्राण्याची जखम, इजा, व्यंग किंवा रोग भिक्षेसाठी उघडा करून दाखवणे ही भीकच होय. शब्द जणू या झुलीवरच्या छिद्राकडे पाहून लिहिलेले आहेत. पण त्या अधिनियमाची काळजी गायीसाठी नाही, रस्ते स्वच्छ दिसावेत यासाठी आहे. त्याखाली दोषी ठरलेल्याला एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. गायवाल्याला भिक्षेकरीगृहात, बायकोमुलांना रस्त्यावर आणि गायीला कुठेतरी खांबाला, असा त्याचा अर्थ झाला असता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरत्या या अधिनियमाच्या बऱ्याच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कारण गरिबीलाच गुन्हा ठरवणे योग्य नाही. हे कलम वापरावे असे मी कोणालाही सुचवणार नाही.

उरला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. चमत्काराचे प्रदर्शन करून पैसे मिळवणे हे त्याच्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा किमान सहा महिन्यांची. गायवाल्याच्या भोंग्यावरची रेकॉर्ड मात्र सावध होती. "दुर्लभ गोमाता, दर्शनाचा लाभ घ्या" एवढेच ती सांगत होती; मूल होईल, पीडा टळेल, असे काही नाही. ते लोक आपापसात बोलत होते.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 च्या जल्लिकट्टू निकालात प्राण्यांच्या पाच मुक्ततांचा (भूक-तहान, गैरसोय, वेदना आणि भीती यांपासून मुक्तता, आणि नैसर्गिकपणे वागण्याची मोकळीक) आणि प्रतिष्ठेने जगण्याचा विचार मांडला. 2023 मध्ये घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवून शर्यतींचा मार्ग मोकळा ठेवला, त्यामुळे त्या निकालाची धार पुष्कळ बोथट झाली. तरीही प्रतिष्ठा हा शब्द मला या प्रकरणात उपयोगी वाटतो, कारण उद्या कोणी म्हणेल की जखम बरी केली, खूर कापला, दोरी लांब केली, आता काय हरकत आहे? तेव्हा वेदनेची भाषा संपते. आमच्या गावात सहा बोटांचा एक माणूस आहे. त्याला भाग्यवान मानतात, लग्नकार्यात त्याच्या हातून नारळ देतात, आणि कोणी त्याला पडद्यामागे बसवत नाही.

समितीची रात्र

बैठक नाटकाच्या रंगमंचामागे, मृदंगाच्या आवाजात झाली. अध्यक्षांनी पहिल्यांदाच एक अवघड गोष्ट मांडली: गायवाल्याकडे समितीची पाचशे रुपयांची पावती होती. जागा आपण दिली, भाडे आपण घेतले, आणि तेही तीन वर्षे. त्यामुळे तो एकटा आरोपी आणि आपण पंच, असे बसता येणार नाही. हे त्यांनी सांगितले नसते तर बैठक वेगळ्या वाटेने गेली असती.

एका मानकऱ्याने देवाला कौल लावण्याची, म्हणजे देवाचा होकार-नकार विचारण्याची, सूचना केली. पाय काढायचा की नाही हे कळे लावून विचारावे. "देवान दिल्लो पाय कापणारे आमी कोण?" असा त्यांचा प्रश्न होता आणि तो टिंगल करण्यासारखा नव्हता. गुरवाने त्यावर शांतपणे सांगितले की कौल गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या अडचणीवर मिळतो. इथे अडचण गायीची आहे, आणि तिच्या वतीने कोण उभे राहणार? हे ऐकून सगळे गप्प झाले. मला स्वतःला पन्नास पानांच्या निकालपत्रापेक्षा गुरवाचे हे एक वाक्य जास्त समजले.

मुंबईहून आलेल्या एकाने गाय चाळीस हजारांना विकत घेऊन पांजरपोळात ठेवण्याची तयारी दाखवली. सगळ्यांना हा सुटकेचा मार्ग वाटला, मला नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कुत्र्याचे पाच पायांचे एक पिल्लू विक्रीला निघाले होते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड इथे विचित्र जनावरे दाखवणाऱ्या खेळवाल्याने ते घ्यायचे ठरवले, तेव्हा एका स्त्रीने त्याच्याहून जास्त पैसे देऊन ते घेतले आणि शस्त्रक्रिया करून जादा पाय काढून टाकला. त्या पिल्लापुरते हे उत्तमच झाले आणि मी तिच्या जागी असतो तर बहुधा हेच केले असते. पण आमच्या गायवाल्याने चार हजारांना घेतलेल्या गायीचे चाळीस हजार आले, ही बातमी घाटावरच्या बाजारात पोचायला आठवडा लागला नसता. पुढच्या माघात आम्हाला दोन गाई दिसल्या असत्या.

याच वेळी गायवाल्याला आत बोलावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या भागात रेड्यांच्या झुंजी लागतात तेव्हा डॉक्टरसाहेब कुठे असतात?" कोणी उत्तर दिले नाही. करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणे हा त्याच कलम 11 खालचा गुन्हा आहे, आणि बैठकीतल्या निदान तिघांनी अशी झुंज कडेला उभे राहून पाहिलेली होती. परक्याच्या गायीवर दया दाखवणे सोपे असते, हे त्याने एका प्रश्नात आमच्या पदरात घातले.

शेवटी ठरले ते असे. दुसऱ्या दिवशीचे प्रदर्शन बंद. पावतीचे पाचशे परत. बुडालेल्या दिवसाचे म्हणून जत्रेच्या जमेतून अडीच हजार. जखमेचा आणि खुराचा उपचार मी लगेच करायचा. पाय काढण्याची शस्त्रक्रिया तेव्हा शक्य नव्हती, कारण गुरांना गुंगीसाठी देतात ते झायलाझिन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते आणि गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत टाळावे लागते. म्हणून ती व्यायल्यावर, क्ष-किरण काढून पाय मणक्याशी जोडलेला नाही याची खात्री करून, विनाखर्च करायची. त्या बदल्यात समितीने त्याला पुढच्या वर्षी जत्रेत खेळण्यांच्या दुकानासाठी जागा द्यायची. तसे कागदावर लिहून सह्या घेतल्या. पोलिसांत तक्रार दिली नाही.

पहाटे तीनला, टेम्पोच्या दिव्यात, मी खूर कापला. वळलेला तुकडा गायवाल्याच्या धाकट्या मुलाने उचलून खिशात ठेवला. जखम धुऊन, अळ्या काढून, औषध भरले. दावे सोडताच गाय चार पावले चालून वाळूत बसली आणि सकाळी दहापर्यंत उठली नाही. खाजेवालीने तिच्यापुढे पेंढा नेऊन टाकला.

त्यानंतर

मे महिन्यात गायवाल्याचा फोन आला. गाय व्यायली होती, कालवड झाली होती, आणि तिला चारच पाय होते. शस्त्रक्रियेचे विचारले तेव्हा पावसाळा होऊ दे म्हणाला. पावसाळ्यानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला.

पुढच्या माघात आमच्या जत्रेत तो आला नाही. त्याच्यासाठी राखलेली खेळण्यांची जागा शेवटच्या दिवशी दुसऱ्याला दिली. समितीने पावतीपुस्तकावर एक ओळ नव्याने छापून घेतली की कोणताही प्राणी दाखवून पैसे गोळा करण्यास जागा मिळणार नाही. मंडळींना या ओळीचा अभिमान आहे आणि तो अगदीच अस्थानी नाही, पण ती ओळ आमच्या वेशीपर्यंतच लागू पडते.

जत्रेनंतर चार दिवसांनी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी एक चित्रफीत टाकली. जागा दुसऱ्या तालुक्यातली, गर्दी मोठी, झूल नवी, हिरवी. छिद्राच्या कडेने आता मऊ कापडाची गादी शिवलेली होती, गाय बसलेली होती आणि तिच्यामागे फळीचा उंच कट्टा केला होता, म्हणजे बसली तरी मागच्यांना दिसावी. खांद्यावर जखम नव्हती. खूर नीट कापलेला होता. मी ती चित्रफीत पाच-सहा वेळा पाहिली. मी सांगितलेल्या सगळ्या सूचना त्याने पाळल्या होत्या आणि माझ्या उपचारांनी गाय आणखी पाच-सात वर्षे दाखवण्याजोगी झाली होती. त्या रात्री तक्रार दिली असती तर दोरीसाठी पन्नास रुपये दंड झाला असता, हे खरे. पण जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या दप्तरी एक नोंद झाली असती, आणि आज दुसऱ्या तालुक्यातल्या डॉक्टरला दाखवायला माझ्या हातात काही कागद असता. आमच्या सह्यांचा कागद कोणत्याही कचेरीत चालत नाही. तक्रार न देण्याचा सल्ला माझाच होता, आणि तो आज मी देणार नाही.

मी फोन केला. तो अगदी मोकळेपणाने बोलला, गायीची तब्येत सांगितली, कालवड दिवसाला किती दूध पिते तेही सांगितले. गाय आता गाभण नाही, त्यामुळे गुंगीच्या औषधाची अडचण राहिलेली नाही, असे मी म्हणालो. "शिमगा होऊ दे साहेब, मग नक्की," तो म्हणाला.

शिमगा होऊन दीड महिना झाला. फोन लागतो, कोणी उचलत नाही.